बॅरन बेटाचा ज्वालामुखी: वर दिसणारा धूर आणि पाण्याखालचा डोंगर

तुमच्या प्रश्नात खरं तर चार प्रश्न आहेत. अंदमानच्या सहलीची तयारी चालू असताना बॅरन बेटाच्या उद्रेकाची बातमी वाचली आणि तुम्ही विचारलंत: दीडशे वर्षं झोपलेला ज्वालामुखी जागा कसा झाला? 2004 च्या भूकंपाने तो पेटला, हे खरं का? तिथला लाव्हा आणि आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ एकाच घराण्यातले का? आणि उद्या मोठा स्फोट झाला तर पोर्ट ब्लेअरचं काय?

थोडक्यात उत्तरं आधी देतो. तो झोपला होता, हे माणसांच्या नोंदींपुरतं खरं आहे. ज्वालामुखीच्या आयुष्यात दीडशे वर्षांचा खंड किरकोळच. भूकंपाने त्याला हातभार लावला असेल, पण भूकंपाच्या कितीतरी आधी तो जागा झालेला होता. सह्याद्रीशी त्याचं नातं नाही. पोर्ट ब्लेअरला त्याच्या लाव्ह्याची भीती नाही, राखेचीही फारशी नाही. काळजी करायचीच तर त्या बेटाच्या पाण्याखालच्या उतारांची करायला हवी. बातम्यांमध्ये धूर आणि ठिणग्या येतात, हे उतार येत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बॅरन बेट अंदमान समुद्रात आहे. पोर्ट ब्लेअरच्या, म्हणजे 2024 पासूनच्या श्री विजयपुरमच्या ईशान्येला सुमारे 140 किलोमीटरवर. बेट जेमतेम तीन किलोमीटर रुंद आणि त्याची सर्वांत उंच जागा साधारण 350 मीटर. आकड्यांवरून आपल्याकडची एखादी टेकडीच वाटते. पण भोवतालचा समुद्र दोन हजार मीटरहून खोल आहे आणि या डोंगराचा पायथा तिथे तळाशी आहे. तळापासून मोजला तर तो अडीच हजार मीटरच्या वर भरतो. समुद्रसपाटीपासून मोजलेलं कळसूबाई 1646 मीटर आहे, यावरून अंदाज करा. आपण ज्याला बेट म्हणतो ते त्या डोंगराचं नुसतं डोकं. डोंगराचा फार मोठा भाग कोणी डोळ्यांनी पाहिलेलाच नाही.

वरून पाहिलं तर एका बाजूचा काठ तुटलेल्या परातीत मधोमध धान्याची रास ओतावी, तसं हे बेट दिसतं. परात म्हणजे कॅल्डेरा. मोठ्या उद्रेकात पोटातला शिलारस (वितळलेला खडक) झपाट्याने बाहेर पडला की वरचं छप्पर खचतं आणि सुमारे दोन किलोमीटर रुंदीचा असा वाडगा तयार होतो. त्याच्या कडा अडीचशे-तीनशे मीटर उंच आणि उभ्या आहेत. पश्चिमेला हा कडा फुटलेला आहे. मधली रास म्हणजे आजचा जिवंत शंकू. तो राख, दगडगोटे आणि लाव्हा यांचा बनलेला आहे आणि नोंदवलेले सगळे उद्रेक याच शंकूतून किंवा त्याच्या अंगावरच्या छोट्या तोंडांतून झाले आहेत. लाव्हा दर वेळी पश्चिमेच्या त्या खिंडीतून समुद्राकडे धावतो, कारण दुसरीकडे जायला वाटच नाही. बोटीतून पाहणाऱ्याला याच बाजूने आतला शंकू दिसतो. बाकी बाजूंनी नुसता हिरवा, उभा कडा. त्यामागे काही पेटलेलं आहे याची शंकाही येत नाही.

आता तो तिथेच का आहे, ते पाहू. सह्याद्रीबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

अंदमानच्या पश्चिमेला समुद्रतळाचा भारतीय भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा, बर्माच्या छोट्या भूपट्टाखाली सरकतो आहे. वर्षाला काही सेंटीमीटर, तिरका तिरका. खाली जाणाऱ्या या पट्टासोबत समुद्रतळाचा गाळ आणि खनिजांमध्ये अडकलेलं पाणीही खाली जातं. साधारण शंभर किलोमीटर खोलीच्या आसपास दाब आणि उष्णता वाढली की ते पाणी सुटतं आणि वरच्या प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या जाड थरात झिरपतं. तिथला खडक आधीच तापलेला असतो, पण दाबामुळे वितळलेला नसतो. पाणी मिसळलं की त्याचा वितळणबिंदू खाली येतो आणि खडक वितळायला लागतो. बाहेरून जास्तीची उष्णता द्यावी लागत नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पटत नाही, पण सुमात्रा, जावा, फिलिपिन्स, जपान इथल्या बहुतेक ज्वालामुखींच्या मुळाशी हेच आहे. सुमात्रापासून उत्तरेला येणाऱ्या ज्वालामुखींच्या याच कमानीवर बॅरन आहे आणि इंडोनेशियाच्या या प्रचंड कमानीतला तो सर्वांत उत्तरेचा जिवंत ज्वालामुखी मानला जातो. त्याच्याही उत्तरेला नारकोंडम आहे, पुढे म्यानमारमध्ये माउंट पोपा आहे, पण ते सध्या शांत आहेत. नारकोंडम तर सातशे मीटर उंच, दाट जंगलाने झाकलेलं बेट आहे आणि जगात फक्त तिथेच राहणाऱ्या धनेशासाठी ते पक्षीनिरीक्षकांना माहीत असतं.

सह्याद्रीची गोष्ट सर्वस्वी वेगळी. आपला कातळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लांबच लांब भेगांमधून ओतला गेला. आज त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे आणि महाबळेश्वरच्या बाजूला त्याची जाडी हजार मीटरच्या वर जाते. तिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जात नव्हता. खोलातून वर आलेल्या तप्त प्रवाहावरून भारत उत्तरेकडे सरकत होता. तो तप्त प्रवाह आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी वारंवार पेटतो. त्यामुळे सह्याद्रीचा जिवंत नातेवाईक शोधायचा असेल तर तो मादागास्करच्या पूर्वेला सापडेल, अंदमानात नाही.

दोन्ही ठिकाणचा दगड हातात घेतला तर दोन्हीही काळेच. म्हणूनच हा घोटाळा होतो. पण बॅरनच्या ताज्या दगडात प्लेजिओक्लेज फेल्डस्पार या खनिजाचे पांढरे स्फटिक ठळक, भरपूर असतात. रासायनिक तपासणीत त्यात अॅल्युमिना जास्त निघतं आणि नायोबियम, टँटलम ही मूलद्रव्यं इतरांच्या मानाने कमी दिसतात. पट्टाखाली पट्ट जाण्याच्या जागेची ही ओळखखूण आहे. बहुतांश दगड बसाल्ट किंवा बसाल्टी अँडेसाइट आहे, थोडा अँडेसाइट, म्हणजे बसाल्टपेक्षा सिलिका जास्त असलेला खडक. प्रवाहांचं रूपही वेगळं. दख्खनमध्ये गुळगुळीत पृष्ठभागाचे, फुगून वाढलेले पाहोएहोए प्रवाह भरपूर आहेत. पुण्याच्या आसपासच्या खाणींत ते कापलेले दिसतात. बॅरनवर मात्र बहुतेक 'आ-आ' प्रकारचा लाव्हा आहे, म्हणजे वरून खडबडीत, धारदार ढेकळांचा. त्याच्यावरून चालताना जाड तळाचे बूटही लवकर फाटतात आणि आधारासाठी हात टेकला तर सोलवटतो.

आता इतिहास. तो तीन ठिकाणी लिहिलेला आहे: माणसांच्या नोंदींत, कॅल्डेराच्या कड्यात आणि समुद्रतळाच्या गाळात. बहुतेक लेख पहिल्या ठिकाणी थांबतात आणि 'दीडशे वर्षं झोपलेला' हा शब्दप्रयोग तिथूनच येतो.

माणसांची पहिली खात्रीलायक नोंद 1787 ची. दोन वर्षांनी, 1789 मध्ये लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर तिथे पोचला. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई मरीन या आरमारातला अधिकारी, अंदमानची पाहणी करायला आलेला. पोर्ट ब्लेअरला नाव मिळालं ते याचंच. शंकूतून धुराचे लोट निघत होते आणि लाल तापलेले दगड वरचेवर उडत होते. तीन-चार टन वजनाचे दगड शंकूच्या पायथ्यापलीकडे फेकले गेल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. पाहणारा प्रशिक्षित सर्वेक्षक होता, म्हणून ही नोंद मोलाची. एवढा दगड एवढ्या लांब फेकायला किती जोर लागेल याचा हिशेब आजही मांडता येतो. त्या हिशेबातून निघणारं चित्र 'स्ट्रॉम्बोली' पद्धतीच्या उद्रेकाचं आहे: पातळसर लाव्ह्यात वायूचे मोठे बुडबुडे वर येऊन फुटतात, दर काही मिनिटांनी कारंजं उडतं, मग थोडी विश्रांती. पुढे 1795, 1803 आणि 1804 मध्ये हालचाल दिसली आणि 1832 च्या सुमाराला हा हप्ता संपला.

नंतरची सगळी नोंद निवत जाणाऱ्या ज्वालामुखीची आहे. बेटावर उतरण्याच्या जागी, जुन्या लाव्ह्याच्या टोकाशी गरम पाण्याचा झरा होता. निरनिराळ्या वर्षी येणाऱ्यांनी त्याचं तापमान टिपलं आणि ते उतरत गेलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या व्हॅलेंटाइन बॉल यांनी 1873 मध्ये बेट पाहिलं. 1884 मध्ये एफ. आर. मॅलेट तिथे गेले, कॅप्टन हॉबडे यांनी नकाशा केला आणि 1885 मध्ये मॅलेट यांचा बॅरन आणि नारकोंडम या दोन्ही बेटांवरचा अहवाल छापला गेला. तो अहवाल आजही कामाला येतो. 1991 नंतर शंकूचा आकार किती बदलला, दरीतला कोणता लाव्हा जुना आणि कोणता नवा, हे ठरवायला एकोणिसाव्या शतकातला तो नकाशा हाच आधार आहे. शांत असलेल्या ज्वालामुखीवर जाऊन कोणीतरी इतकं नेटकं मोजून ठेवलं, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. शांत काळातली मोजणी नसेल तर अशांत काळात तुलना कशाशी करणार?

मार्च 1991 च्या अखेरीस शंकू पुन्हा पेटला. उद्रेक ऑक्टोबरच्या आसपासपर्यंत चालला. लाव्हा पश्चिमेच्या खिंडीतून उतरून समुद्राला भिडला आणि किनाऱ्यावर वाफेचे ढग उठले. डिसेंबर 1994 ते 1995 च्या मध्यापर्यंत दुसरा उद्रेक. मग 28 मे 2005 ला तिसरा, आणि तेव्हापासून मधूनमधून थांबत तो चालूच आहे असं म्हणणं योग्य ठरेल. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना तो 23 जानेवारी 2017 ला अगदी समोर पेटलेला दिसला. अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखालचं पथक 'सिंधु संकल्प' जहाजावरून बेटाजवळच्या समुद्रतळाचे नमुने गोळा करत होतं. पाच-दहा मिनिटांच्या छोट्या छोट्या झटक्यांत राख बाहेर पडत होती. दिवसा फक्त राखेचा ढग दिसे. सूर्य मावळल्यावर लाल कारंजं आणि उतारावरून ओघळणारा लाव्हा दिसू लागला. ब्लेअरने 1789 मध्ये जे वर्णिलं, ते आणि हे यांत फरक फारच थोडा. सप्टेंबर 2025 मध्येही आठवड्याच्या अंतराने दोन छोटे उद्रेक झाले. तुम्ही वाचलेली बातमी बहुधा हीच.

आता दुसरं पुस्तक उघडू: कॅल्डेराचा कडा. माझ्या मते बॅरनवरची सर्वांत बोलकी जागा हीच. शंकूकडे सगळे बघतात, पण शंकू सध्याचा आहे. कड्यात त्याच्या आधीच्या डोंगराचा आडवा छेद उघडा पडला आहे. काही मीटर जाडीचे आ-आ प्रवाह, त्यांच्यामध्ये राखेचे थर, टोकदार दगडांनी भरलेले चिखलाचे थर. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये या थरांचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. या कामामुळे बॅरनकडे बघण्याची दृष्टीच बदलली.

राखेचा थर हातभर अंतरावरून बघितला तर तो कसा साठला हे कळतं. राख आकाशातून शांतपणे पडली असेल तर थर सगळीकडे सारख्या जाडीचा असतो, खालच्या चढउतारांवर चादरीसारखा पसरतो आणि त्यातले कण आकाराने निवडलेले असतात. पण काही थर तसे नाहीत. ते खड्ड्यात जाड आहेत, उंचवट्यावर पातळ आहेत आणि त्यांच्यात तिरप्या रेषांची नक्षी आहे. म्हणजे राख वरून पडलेली नाही. ती जमिनीला घासत, तप्त वायूसोबत आडवी धावत आली. अशा लोटाला 'सर्ज' म्हणतात. त्याच्या वाटेत उभा असलेला माणूस वाचत नाही. बेटाच्या पायथ्याशी पाणी आणि शिलारस यांची गाठ पडून झालेल्या स्फोटांच्या राखेचं कडं असल्याचीही चिन्हं आहेत. समुद्राचं पाणी शिलारसात शिरलं की क्षणात वाफ होते आणि खडकाचा अक्षरशः चुरा होतो. जो बसाल्ट एरवी निवांत ओघळला असता, तोच पाण्यामुळे स्फोटक होतो.

म्हणून 1787 पासूनच्या नोंदी वाचून 'बॅरन सौम्य स्वभावाचा' असा निष्कर्ष काढणं मला मान्य नाही. गेली सव्वादोनशे वर्षं तो सौम्य वागला आहे, इतकंच. ज्या उद्रेकाने कॅल्डेरा पाडला, तो पाहायला कोणी नव्हतं, आणि तो सौम्य नक्कीच नव्हता.

तिसरं पुस्तक समुद्राच्या तळाशी आहे. बेटापासून सुमारे 32 किलोमीटर आग्नेयेला तळात नळी घुसवून गाळाचा एक दंडगोल काढला गेला. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या संशोधकांच्या गटाने तो वाचला आणि 2010 मध्ये निष्कर्ष छापले. त्या गाळात गेल्या सुमारे 72 हजार वर्षांची नोंद आहे आणि तीत बॅरनच्या राखेचे सात स्वतंत्र थर सापडले. आजच्या उद्रेकांची राख काही किलोमीटर उंच जाते आणि बेटाच्या आसपासच विरते. 32 किलोमीटरवर हाताला लागेल असा थर ती सोडत नाही. म्हणजे ते सातही उद्रेक आपण आज पाहतो त्याहून वरच्या श्रेणीचे होते. शिवाय ते ठरावीक अंतराने आलेले नाहीत. कधी दोन लागोपाठ, मग कित्येक हजार वर्षांचा खंड. 1832 ते 1991 या खंडाला 'झोप' म्हणणाऱ्यांनी हा दंडगोल एकदा पाहावा असं मला फार वाटतं.

इथे महाराष्ट्राशी एक खरा धागा जुळतो, आणि तो बॅरनचा नसून त्याच कमानीवरच्या तोबा या ज्वालामुखीचा आहे. सुमात्रातल्या तोबाचा सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीचा उद्रेक गेल्या काही लाख वर्षांतला सर्वांत मोठा. त्याची राख भारतातल्या अनेक नदीखोऱ्यांत सापडते. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरी इथे आणि कऱ्हा नदीकाठी मोरगावजवळ ज्वालामुखीच्या राखेचे थर आहेत. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी ते प्रकाशात आणले. बोरीची राख 74 हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून फार जुन्या, यावर तज्ज्ञांत वाद आहे. बोरीला राखेसोबत दगडी हत्यारंही मिळाली असल्याने त्या वादाला वजन आहे. पण राख पूर्वेकडच्या त्या कमानीतून आली याबद्दल फारसं दुमत नाही. जुन्नरच्या बाजूला गेलात तर बोरीला जरूर जा. लाव्ह्याच्या प्रदेशात वसलेल्या गावात सुमारे तीन हजार किलोमीटरवरून उडत आलेली परकी राख पायाखाली असणं ही विलक्षण गोष्ट आहे.

आता भूकंपाचा प्रश्न. 26 डिसेंबर 2004 चा भूकंप 9.1 तीव्रतेचा होता. सुमात्रापासून उत्तर अंदमानपर्यंत सुमारे 1300 किलोमीटर लांबीचा भूपट्टाचा सांधा फाटला, आणि बॅरन त्याच सांध्यावरून खाली गेलेल्या पट्टाच्या वर बसलेला आहे. पाच महिन्यांनी उद्रेक सुरू झाला. एवढ्या मोठ्या भूकंपाने कवचातले ताण बदलतात, शिलारसाच्या वाटा मोकळ्या होऊ शकतात, साठलेल्या शिलारसातले वायू हलू शकतात. याची उदाहरणंही आहेत: 1960 मध्ये चिलीतला महाभूकंप झाला आणि दोन दिवसांच्या आत तिथला कॉर्दोन काउये हा ज्वालामुखी पेटला. पण ज्याच्या पोटात शिलारस तयारच आहे, त्यालाच भूकंप ढकलू शकतो. बॅरन 1991 आणि 1994 मध्ये भूकंपाशिवायच पेटला होता. म्हणून माझं मत असं, की तो कधी ना कधी पुन्हा पेटणारच होता. भूकंपाने वेळ अलीकडे आणली असेल. 'भूकंपाने ज्वालामुखी जागा केला' असं ठामपणे लिहिणाऱ्यांनी 1991 सालाकडे डोळेझाक केलेली असते.

त्याच 1991 मध्ये, बॅरन पेटलेला असतानाच, 15 जूनला फिलिपिन्समध्ये पिनातुबो हा ज्वालामुखी फुटला. राखेचा स्तंभ 35 किलोमीटरच्या आसपास गेला, सुमारे दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वातावरणात मिसळला आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास खाली आलं. दोन्ही पट्टाखाली पट्ट जाण्याच्या जागेवरचे, मग इतका फरक का? पिनातुबोचा शिलारस सिलिकाने भरलेला, चिकट होता. त्यात वायू कोंडून राहतात आणि सुटतात तेव्हा सगळं एकदम सुटतं. बॅरनचा बसाल्टी शिलारस पातळ आहे, वायू त्यातून बुडबुड्यांच्या रूपाने निसटत राहतो. शिवाय आज त्याची नळी उघडी आहे. दर काही महिन्यांनी थोडा थोडा पेटणारा बॅरन पाहून लोक घाबरतात. मला तो असा श्वास सोडत असला की निदान आत दाब साठत नाही एवढं समाधान असतं.

पोर्ट ब्लेअर 140 किलोमीटरवर, स्वराज द्वीप म्हणजे जुनं हॅवलॉक साधारण 100 किलोमीटरवर. लाव्हा बेटाबाहेर पोचूच शकत नाही. सध्याच्या प्रकारची राख या बेटांपर्यंत आलीच तर पुसटशी. विमानांसाठी ऑस्ट्रेलियातल्या डार्विनचं ज्वालामुखी राख सल्लाकेंद्र या भागावर लक्ष ठेवतं आणि राख दिसली की सूचना काढतं. उपग्रहांना शंकूवरची उष्णता टिपता येते. ही व्यवस्था बऱ्यापैकी चालते.

पण आता 22 डिसेंबर 2018 आठवा. जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या सुंदा सामुद्रधुनीतला अनाक क्राकाताऊ हा ज्वालामुखी त्या वर्षी कित्येक महिने असाच छोटा छोटा पेटत होता. 1920 च्या दशकात समुद्रातून वर आलेलं ते बेट, उंची तीनशे-साडेतीनशे मीटर, शंकू राख आणि बसाल्टी अँडेसाइटचा. आकाराने बॅरनच्या शंकूसारखाच. त्या रात्री त्याची एक बाजू समुद्रात घसरली. भूकंप मोठा नव्हता, त्यामुळे भूकंपावर बेतलेला त्सुनामीचा इशारा गेलाच नाही. लाटांनी जावा आणि सुमात्राच्या किनाऱ्यावर चारशेहून अधिक माणसं मारली.

बॅरनचं अगदी असंच होईल असं मी म्हणत नाही. अनाक क्राकाताऊ जुन्या कॅल्डेराच्या काठावर, खोल खड्ड्याच्या कडेला वाढलेला होता. बॅरनचा शंकू कॅल्डेराच्या मधोमध, तीन बाजूंनी कड्याने धरलेला आहे. हा फरक मोठा आणि दिलासा देणारा आहे. पण पश्चिमेला आधार नाही, नवा लाव्हा दर वेळी त्याच बाजूला साठतो आणि तो पुढे पाण्याखालच्या तीव्र उतारावर जातो. ढेकळांचा आणि राखेचा असा ढीग खोल पाण्याच्या काठावर किती स्थिर आहे, हे वरून घेतलेल्या फोटोंतून कळत नाही. त्यासाठी बेटाभोवतीच्या समुद्रतळाचा ध्वनिलहरींनी केलेला नकाशा दर काही वर्षांनी नव्याने करावा लागतो आणि जुन्याशी ताडून पाहावा लागतो. बेटावर कायमची भूकंपमापक यंत्रं आणि जमिनीचा फुगवटा मोजणारी जीपीएस केंद्रं हवीत, समुद्रात भरतीमापक हवेत. यंत्रं टिकवणं सोपं नाही, हे मान्य. तिथे उभारलेलं दीपगृहसुद्धा उद्रेकांमुळे नष्ट झालं. तरीही भारताच्या एकमेव जिवंत ज्वालामुखीवर एवढा खर्च व्हायलाच हवा, आणि तो धुराच्या चित्रफिती जमवण्याआधी व्हावा.

शेवटी तुमच्या सहलीबद्दल. बाराटांगला जाऊन 'आम्ही ज्वालामुखी पाहिला' असं सांगणारे पुष्कळ पर्यटक भेटतात. बाराटांगला आहेत ते चिखलाचे ज्वालामुखी: खोल गाळात साठलेला नैसर्गिक वायू आणि पाणी चिखल घेऊन वर येतात. तिथे शिलारस नाही, चिखल गरमही नसतो. ते पाहण्यासारखे आहेत, पण बॅरनशी त्यांची गल्लत करू नका. बॅरन बेट वन्यजीव अभयारण्य आहे आणि पर्यटकांना तिथे सहसा उतरता येत नाही. परवाने काढून बोटीतूनच पाहावं लागतं, आणि हे नियम बदलत असल्याने निघण्याआधी अंदमान प्रशासनाच्या वन खात्याकडे चौकशी करा. कोणी 'गुपचूप उतरवतो' म्हणाला तर अजिबात ऐकू नका. उद्रेक चालू असेल तर बोट वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवायला सांगा, म्हणजे राख तुमच्यावर येणार नाही. दमा असलेलं कोणी सोबत असेल तर मास्क घ्याच. बोट पश्चिमेला आली की आधी शंकू बघा, मग नजर बाजूच्या कड्यावर न्या. काळे पट्टे म्हणजे लाव्हा, मधले फिके-तपकिरी पट्टे म्हणजे राख आणि दगडांचा चिखल. दुर्बीण असेल तर एखाद्या फिक्या पट्ट्याची जाडी कुठे वाढते, कुठे कमी होते ते पाहा. वर सांगितलेला आडव्या धावणाऱ्या राखेचा फरक तुमच्या डोळ्यांना तिथेच ओळखता येईल.